खोटी खोटी एसटी आणि खरी खरी भांडणं : बालवाडीतल्या खेळाबद्दल तुमचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांमधली बरीचशी एकाच गोष्टीबद्दल होती, वर्गात दवाखाना, दुकान, एसटी असा कोपरा मांडून मुलांना खोटं खोटं खेळू द्यायचं ते नेमकं कसं, त्यामुळे आज सगळी जागा त्यालाच दिलीय. प्रश्न थोडे कापलेत आणि नावं काढलीत, बाकी तुमचेच शब्द आहेत.

ताई नमस्कार, मी पारनेर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. एकच खोली आहे, त्यातच आहाराचं सामान ठेवावं लागतं, ३ ते ६ वयाची २०-२२ मुलं येतात. ट्रेनिंगमधे सांगितलं की थीमप्रमाणे खेळाचे कोपरे करा. साहित्याला पैसे नाहीत, जागा नाही. सुरुवात कुठून करू?

ताई, पैसा आणि जागा याकडे नंतर येऊ. आधी एवढंच बघा की तुमच्या मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी काय काय पाहिलंय. ट्रेनिंगमधे जे फोटो दाखवतात त्यात एअरपोर्ट असतो, पिझ्झाचं दुकान असतं, आणि आपण तेच करायला जातो मग मुलं येतात, वस्तू हातात घेऊन उलट्यासुलट्या बघतात आणि खाली ठेवतात, कारण पुढे काय करायचं ते त्यांना माहितीच नसतं. तुमच्याकडच्या मुलांनी एसटी पाहिलीय, दूध संकलन केंद्र पाहिलंय, पिठाची गिरणी, आठवडे बाजार, आरोग्य केंद्रातला लसीचा दिवस हे सगळं पाहिलंय. दूध केंद्रावर आजोबांबरोबर जाणारा पोरगा किटली ठेवतो, मापाने दूध ओततो, थांबतो, आणि मग ‘फॅट कमी लागली’ म्हणून तोंड पाडतो सुद्धा, आणि पगार कधी होणार तेही विचारतो. एवढी बारीक माहिती ज्या विषयाची मुलांकडे आहे तोच विषय घ्यायचा.

एसटी घेऊ, कारण ती सगळ्यात स्वस्त आहे. दोन सतरंज्या किंवा दोन रांगांत पाट मांडले की गाडी झाली, वर्गाच्या मधोमध झाली तरी चालते, खेळ झाला की गुंडाळून ठेवायची. स्टीअरिंगला जुनी थाळी. कंडक्टरला खांद्याला अडकवायची एक जुनी पर्स, तिला चेन असेल तर फार उत्तम कारण चेन उघडणं आणि लावणं यातच लहान मुलांचा निम्मा आनंद असतो. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची तिकिटं. खिडकीच्या गजाला आखूड दोरी आणि तिला घंटी, म्हणजे डबल बेल मारता येईल. शिट्टी देऊ नका, ती एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाते. पुढे लावायला गावाच्या नावाचे पुठ्ठ्याचे बोर्ड, पारनेर, सुपा, नगर, आळेफाटा, ते मुलांसमोरच तुम्ही ठळक लिहा, कुणाला अजून वाचता येत नाही पण दोन दिवसांनी सुप्याचा बोर्ड कुठला ते सगळ्यांना कळतं.

आणि मग तिकीट काढताना बघा काय होतं. एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ च्या वरच्या आजी-आजोबांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट, ५ ते १२ वयाच्या पोरांना हाफ आणि ५ च्या आतलं मूल फुकट. मुलांनी हे आईच्या मांडीवर बसून ऐकलेलं असतं. त्यामुळे खोट्या एसटीत आजी झालेली मुलगी आधार कार्ड म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा काढून दाखवते आणि कंडक्टर तो उलटा धरून नीट तपासतो. हे कुणी शिकवलेलं नसतं, आपण फक्त पुठ्ठा ठेवलेला असतो.

एका विषयाचा एक खोका करा, बाहेर चित्र चिकटवा. एका वेळी एकच खोका उघडायचा, आणि त्यातलंही सगळं पहिल्या दिवशी बाहेर काढायचं नाही. आधी नुसती गाडी, थाळी आणि पर्स. खेळ ओसरतोय असं वाटलं की तिकिटं. मग घंटी. मग एखादं गाठोडं, कोंबडीची टोपली, कुणाच्या तरी गळ्यात बॅग. एक विषय दोन-तीन आठवडे सहज चालतो, आपण मोठी माणसंच लवकर कंटाळतो आणि सोमवारी नवीन थीम काढतो, मुलांचा मात्र चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे खरा खेळ सुरू होत असतो. आणि वेळ द्या, एका दिवशी निदान अर्धा-पाऊण तास, कारण कोण काय होणार हे ठरवण्यातच पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात आणि तेवढ्यात आपण ‘चला आवरा’ म्हटलं तर मुलांनी फक्त भांडण केलेलं असतं, खेळ केलेलाच नसतो.

एका वेळी सहा-सात मुलं पुरे. बाकीच्यांना मदतनीस ताईंकडे माती, मणी, चित्रं. तुमच्याकडे तीन वर्षांचं आणि साडेपाच वर्षांचं मूल एकाच खोलीत आहे याची काळजी करू नका, या खेळाला ते फायद्याचंच आहे. मोठी मुलं गाडी चालवतात, नियम लावतात, लहानं नुसती तिकिटं फाडत बसतात, आणि बघता बघता एके दिवशी तेच लहानगं ‘पुढे सरका, पुढे सरका’ ओरडायला लागतं.

आता तुमचं काम. पहिले दोन दिवस लांब बसून नुसतं बघा आणि जमलं तर वहीत दोन ओळी लिहा. नंतर एकदा पिशवी घेऊन गाडीत चढा, प्रवासी म्हणून. ‘बाळा, हा बोर्ड कुठल्या रंगाचा आहे?’ असलं काही विचारायचं नाही, त्याक्षणी एसटी संपते आणि तोंडी परीक्षा सुरू होते. ‘मास्तर, माझ्याकडे सुट्टे नाहीत हो’ असं म्हणा. किंवा ‘माझी पिशवी स्टँडवरच राहिली’. बघा मग गाडी कशी थांबते, कोण धावत जातं, कोण म्हणतं आता मागच्या गाडीने या. एवढं झालं की पुढच्या स्टॉपला उतरा. चढायचं आणि उतरायचं, शेवटपर्यंत बसून राहायचं नाही.

गावात कुणाचे वडील, काका एसटीत ड्रायव्हर-कंडक्टर असतील तर एक दिवस दहा मिनिटं बोलवा. गिरणीचा विषय असेल तर मुलांना गिरणीत घेऊन जा आणि परत आल्यावर विचारा की तिथे कोण कोण होतं आणि कोण काय करत होतं. वस्तूंपेक्षा माणसांबद्दल जास्त बोला, कारण मुलं वस्तू खेळत नाहीत, माणसं खेळतात.

आमची ठाण्यातली प्री-प्रायमरी आहे. मॅनेजमेंटने तयार किचन सेट आणि डॉक्टर सेट आणला, बराच महाग. दोन दिवस मुलं तुटून पडली, आता एक तर फेकाफेकी नाहीतर ‘मीच डॉक्टर’ म्हणून भांडणं. मी हेडमॅमना काय सांगू? सेट वाया गेला का?

वाया गेला नाही, पण तो एकटा काही करणार नाही.

एक तर वय बघा. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला खरा दिसणारा कप लागतो, तेव्हाच ते चहा पितं. साडेतीन-चारच्या पुढे त्याला ठोकळा दिला तरी तो कपही होतो आणि फोनही होतो. म्हणजे हुबेहूब खेळणी प्लेग्रुप-नर्सरीला उपयोगाची, सीनिअर केजीला तीच अडचण होते, कारण प्लास्टिकचा बर्गर हा बर्गरच राहतो, त्याची भाकरी होत नाही. आणि ठाण्यातल्या मुलाच्या घरी तरी रोज कुठे बर्गर असतो हो. त्या किचनमधे एक खरं छोटं पोळपाट-लाटणं ठेवा, स्टीलच्या चार वाट्या, एक मसाल्याचा डबा ज्यात चिंचोके आणि शंखशिंपले असतील (तीनच्या आतली मुलं असतील तर नको, तोंडात घालतात), मळायला कणकेचा गोळा. बाजूला अशा वस्तू ज्या काहीच नाहीत, म्हणजे ओढण्या, पुठ्ठ्याचे खोके, लाकडी ठोकळे, दोरीचे आखूड तुकडे. आणि महिनाभराने ते महागडं किचन फिरवून त्याची पाठ पुढे करा, ती बँकेची खिडकी होईल, पोस्ट होईल, मेट्रोचं तिकीट काउंटर होईल. हेडमॅमना हे नक्की आवडेल, एका सेटमधे तीन थीम.

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. इस्रायलमधे सारा स्मिलान्स्की नावाच्या संशोधक होत्या, त्यांचं काम १९६८ साली प्रसिद्ध झालं. गरीब घरांतल्या, असा खेळ फारसा न खेळणाऱ्या मुलांबरोबर त्यांनी वेगवेगळे गट केले. एका गटाला दवाखाना, दुकान असल्या विषयांचा भरपूर अनुभव दिला, भेटी, गप्पा वगैरे. दुसऱ्या गटात शिक्षिकांनी खेळात उतरून खेळायचं कसं ते दाखवलं. तिसऱ्याला दोन्ही. पहिल्या गटात खेळ फारसा वाढलाच नाही, दुसऱ्यात वाढला आणि तिसऱ्यात सगळ्यात जास्त. म्हणजे सामान मांडलं, ट्रिप नेली आणि टीचर टेबलावर वह्या तपासत बसली तर जे तुमच्याकडे झालं तेच होणार. पन्नास-साठ वर्षं जुनी गोष्ट आहे ही, पण आजही बजेटमधे खेळण्यांना पैसे असतात आणि टीचरला त्या खेळाजवळ बसायला वीस मिनिटं नसतात, याचा मला खरंच राग येतो.

भांडणाचं सांगते. डॉक्टर सेटमधे भूमिका किती? दोन. डॉक्टर आणि पेशंट, आणि पेशंट व्हायला कुणालाच नको असतं कारण त्याला नुसतं झोपायचंय. खरा दवाखाना आठवा की. बाहेर केसपेपर लिहिणारी ताई, नंबर पुकारणारा, वजन करणारी सिस्टर, कंपाउंडर, ‘आमचा नंबर कधी’ म्हणून वैतागलेले नातेवाईक, खाली मेडिकलवाला, आणि दारात रिक्षा. प्रत्येकाला एक एक वस्तू द्या, भूमिका आपोआप तयार होतात. केसपेपरची वही आणि पेन ठेवा, बंद पडलेला मोबाइल (बॅटरी काढून), जुना वजनकाटा, पट्टीसाठी सुती कापडाच्या पट्ट्या, नंबरचे पुठ्ठे. स्टेथोस्कोप दोन ठेवा, एकच ठेवून ‘शेअर करा’ म्हणत बसू नका. फक्त गोळ्यांची पाकिटं, औषधाच्या बाटल्या खऱ्या वापरू नका, रिकाम्या असल्या तरी नको, मग घरी खरी दिसली की मूल उघडून बघतं. सुईचा तर प्रश्नच नाही, स्केचपेनचं टोपण छान टोचतं.

कोपऱ्यात जायच्या आधी प्रत्येकाने मोठ्याने सांगायचं, आज मी कोण आणि पहिलं काय करणार. अमेरिकेत बोद्रोवा आणि लिओंग या दोघींनी हीच पद्धत रुजवलीय, मुलं खेळाचा बेत सांगतात किंवा त्याचं चित्र काढतात आणि मग खेळतात. करायला अगदी सोपं, आणि निम्मी भांडणं तिथेच मिटतात. उरलेली होऊ द्या. ‘तू काल झाला होतास, आज मी’ हे मुलं एकमेकांना पटवतात तेव्हा ती जे शिकत असतात ते आपल्याला फळ्यावर शिकवता येत नाही. रशियात १९४० च्या दशकात एक प्रयोग झाला होता, मुलांना नुसतं ‘हलू नका, उभे राहा’ सांगितलं तर थोडा वेळ उभी राहायची, पण पहारेकऱ्याचा खेळ म्हणून उभं केलं की कितीतरी जास्त वेळ टिकायची. जो पोरगा तुमच्या वर्गात दोन मिनिटं गप्प बसत नाही त्याला सलाईन लावून झोपवा आणि बघा.

टोप्या, ओढण्या, पर्स सगळी मुलं वापरतात. पालक म्हणतात उवा होतील, खरूज होईल. काय करावं? – सातारा

पालकांचं बरोबर आहे. टोप्या कमी ठेवा, त्याऐवजी पुठ्ठ्याची पट्टी, गळ्यातलं कार्ड, खांद्यावरचा पट्टा यावर काम भागतं, पोलीस व्हायला टोपीच लागते असं नाही. ओढण्या आणि कपडे दर शनिवारी घरी नेऊन धुवायचे, पालकांनी पाळीपाळीने न्यायचे, त्याने त्यांना कोपऱ्यात काय चाललंय तेही कळतं. ओढण्या आखूड कापा, पायात आणि गळ्यात अडकता कामा नयेत. प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत, कापडी शिवा.

मी डहाणू तालुक्यात पाड्यावरच्या बालवाडीत आहे. मुलं घरी वारली बोलतात. मी बोलायला लागले की गप्प, पण भातुकलीच्या कोपऱ्यात त्यांच्या भाषेत नुसता किलबिलाट. सर म्हणतात तिथेही मराठीच बोलायला लावा, नाहीतर पहिलीत मागे पडतील.

लावू नका. मुलं जिथे बोलतायत ती एकमेव जागा बंद होईल.

तुम्ही ज्या तालुक्यात आहात तिथेच ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माँटेसोरीचं महागडं साहित्य परवडणारं नव्हतं तर बिया, शंख, दगड, पानं अशा तिथल्याच वस्तूंमधून साहित्य केलं. मला वाटतं भाषेचंही तसंच आहे, मूल जे घेऊन आलंय तिथून सुरू करायचं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही घरच्या भाषेला लहान वयात पहिली जागा दिलीय, हे सरांना शांतपणे दाखवा.

आता करायचं काय. तुम्हाला त्यांची भाषा थोडी तरी येत असेल तर तुम्ही त्यांच्या भाषेत खेळात शिरा, चुकाल, मुलं हसतील आणि दुरुस्त करतील, त्यांना ताईला शिकवायला मिळेल. येत नसेल तर पाड्यावरची एखादी आजी, मोठी बहीण आठवड्यातून एकदा येऊन बसू दे. विषय तिथले घ्या, भातलावणी, चिकूची वाडी, मासळीचा बाजार, लग्न. तुमच्याकडच्या लग्नात धवलेरी म्हणजे लग्न लावणारी बाई असते, भिंतीवर लग्नाचा चौक म्हणजे पांढऱ्या पिठाचं चित्र लिहितात, आणि मुलांना हे सगळं पाठ असतं. बाहुला-बाहुलीचं लग्न मांडून तांदळाच्या पिठाचं पाणी आणि काडी द्या, भिंतीजवळ पुठ्ठा लावा आणि बाजूला व्हा. वीटभट्टीवर जाऊन आलेली मुलं भट्टीचा खेळ मांडतील, तोही चालू द्या.

मराठी येईलच, पण ती भूमिकेतून येऊ द्या. बाजारात बाहेरगावची गिऱ्हाईक म्हणून तुम्ही या आणि मराठीतच भाव विचारा, ‘वाटा कितीला?’ मग विकणाऱ्याला मराठी बोलायचं कारण मिळतं. पोस्टमन, बस कंडक्टर, डॉक्टर ही माणसं मुलांनी मराठी बोलतानाच पाहिलेली असतात, त्यांच्या तोंडी मुलं स्वतःहून मराठी घालतात, ऐकून बघा एकदा.

पालक सभेत एक आई म्हणाली, ‘खेळायला घरी आहेच की, शाळेत लिहायला शिकवा’. काय उत्तर द्यावं? खेळाने खरंच बुद्धी वाढते का? – कोल्हापूर

वाढीव काही सांगू नका. ‘खोटं खोटं खेळल्याने बुद्धी अमुक टक्के वाढते’ असले मेसेज फिरत असतात ते पालक सभेत वाचू नका. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचा अभ्यास एकत्र करून तपासला आणि खेळामुळेच हे सगळं होतं असं छातीठोक म्हणायला पुरावा पुरेसा नाही असं मांडलं. ते मान्य करूनच मी हा खेळ करा म्हणते, कारण त्या अर्ध्या-पाऊण तासात मूल किती बोलतं, किती वेळ एका गोष्टीला धरून राहतं हे मला डोळ्यांनी दिसतं आणि पालकांनाही दाखवता येतं.

आणि त्या आईंची लिहिण्याची काळजी खोटी नाही, तिला हसू नका. त्यांना दुकानाच्या कोपऱ्यात आणून बसवा. तिथे भावाचा बोर्ड आहे, उधारीची वही आहे, यादी आहे. चार वर्षांची मुलगी उधारीच्या वहीत गिरगोट्या मारते आणि ‘पाव किलो साखर, आईच्या नावावर’ म्हणून वाचून दाखवते, तिला कळलंय की बोललेलं कागदावर राहतं आणि नंतर वाचता येतं. अक्षर नंतर येणारच आहे, त्याआधीचं हे असतं. ऑक्टोबर २०२२ मधे आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ८ वयासाठी खेळ हाच शिकण्याचा मुख्य मार्ग धरलाय, कुणी साहेब विचारायला आले तर तेही सांगता येईल. फक्त एक सांभाळा, या नादात दुकानातच ‘आता एक ते दहा म्हणून दाखव’ सुरू करू नका.

माझा मुलगा चार वर्षांचा, नाशिकला बालवाडीत जातो. भातुकलीत तो रोज ‘आई’ होतो, ओढणी घेतो, बाळाला झोपवतो. मॅडमनी हसत हसत सांगितलं, पण घरी माझे वडील चिडलेत. मला स्वतःला काही वाटत नाही पण थांबवायला हवं का?

नाही. घरात त्याला सगळ्यात ताकदवान, सगळ्यात जवळचं माणूस आई दिसतंय, तो तेच होतोय. मुलं या वयात कुत्रा होतात, ट्रॅक्टर होतात, आजी होतात. तुमच्या वडिलांना एकदा शाळेत घेऊन जा, आजोबांना गिऱ्हाईक म्हणून बसवा आणि नातवाच्या हातचा खोटा चहा पिऊ दे. आणि तुम्ही घरी त्याच्यासमोर एखादी खरी भाजी करा, बाळाला झोपवणारा बाबा त्याला बघायला मिळू दे, मग तो कदाचित बाबा होऊनही बाळाला झोपवेल.

मॅडमनाही एक सांगायचंय, म्हणजे हा कॉलम वाचणाऱ्या सगळ्याच टीचरना. ओढणी मुलींच्या खुंटीला आणि हातोडी मुलांच्या असं करू नका, आणि असल्या गोष्टी मुलासमोर हसत सांगू नका, त्याला ते हसणं बरोबर कळतं.

नाव-गाव छापू नका. माझ्या वर्गात एक मुलगी भातुकलीत बाहुलीला रोज मारते, ‘पिऊन आलास’ म्हणून ओरडते, मग स्वतःच कोपऱ्यात लपते. बाकीची मुलं घाबरतात. मी ‘असं खेळायचं नाही’ म्हणून तो कोपरा बंद करावा का?

ताई, तुम्ही हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

एकदा-दोनदा मारामारी, दारुडा, मयत असं मुलं खेळतातच. गल्लीत मयत झालं की आठवडाभर बाहुली मरते, त्याने घाबरायचं नाही, पाहिलेलं ती पुन्हा करून बघत असतात. तुम्ही सांगताय ते वेगळं वाटतंय, रोज तेच, त्याच क्रमाने, आणि शेवटी लपणं, आणि खेळून मोकळी होण्याऐवजी ती अजून आक्रसते. याकडे लक्ष द्यायलाच हवं.

रागवू नका आणि कोपरा बंद करू नका, तिला सांगायला मिळालेली ती जागा आहे. जवळ बसा, बाहुलीकडे बघून बोला, ‘बाहुली घाबरलीय का? तिला कुणाकडे जायचंय?’ एवढंच. खेळात एखादी सुरक्षित वस्तू, माणूस वाढवा, शेजारची मावशी व्हा आणि बाहुलीला मांडीवर घ्या. तिला समोर बसवून ‘घरी कोण मारतं, सांग’ असं खोदू नका, तिच्या तोंडात शब्दही घालू नका, आणि बाकीच्या मुलांसमोर तर नाहीच. इतर मुलं घाबरत असतील तर त्या वेळी त्यांना दुसऱ्या कामाला न्या.

तारीख घालून तुम्ही काय पाहिलं आणि ती नेमकं काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, तुमचा अंदाज त्यात मिसळू नका. अंगावर वळ, भाजल्याच्या खुणा, अचानक कपड्यात शू होणं, हात लावला की दचकणं यावर लक्ष ठेवा. मुख्याध्यापिका किंवा सुपरवायझरना सांगा, पण वडिलांना थेट जाब विचारायला जाऊ नका, त्याचा राग संध्याकाळी त्या पोरीवर आणि तिच्या आईवर निघू शकतो. आई एकटी भेटली तर सावकाश बोला. आणि १०९८ ला फोन करा, मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, फुकट आणि चोवीस तास, पुढे काय करायचं ते विचारता येतं. जिल्ह्याला बाल संरक्षण कक्ष असतो, तिथेही जाता येतं. खेळात लैंगिक छळाची जराशीही शंका आली तर मात्र थांबायचं नाही, २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, पुरावा गोळा करणं हे आपलं काम नाही.

हे सगळं चालू असताना तिला रोज तोच कोपरा, तीच बाहुली आणि जवळ बसणाऱ्या तुम्ही मिळायला हव्यात, त्यामुळे पुढचे काही आठवडे थीम बदलायची असली तरी भातुकली तिथेच राहू द्या.